कळशीबरोबर गेलेलं मोजमाप

मार्च महिना आला, की शाळांच्या भिंतींवर आणि सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर एक चित्र हमखास दिसतं. एक नळ, त्याच्या तोंडाशी लोंबणारा थेंब, थेंबात पृथ्वी. खाली थेंब थेंब वाचवण्याची विनंती. २२ मार्च हा जागतिक जल दिन, तेव्हा चित्राला निमित्तही असतं. या थेंबाचा आपण एकदा हिशेब मांडू. एक मिलिलिटर पाण्यात साधारण वीस थेंब मावतात. नळातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब गळतात, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी. नळाचा वायसर बदलायला फारसे पैसे लागत नाहीत आणि तो बदललाच पाहिजे. पण जुन्या पद्धतीच्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी याच्या दुपटीहून जास्त पाणी जातं. आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर, मिनिटाला ५० लिटर चढवणारा पंप कुणी बंद करायला विसरलं आणि टाकी दहा मिनिटं सांडत राहिली, तर ५०० लिटर पाणी पन्हाळीतून थेट गटारात जातं. तेवढं पाणी वाया घालवायला त्या बिचाऱ्या गळक्या नळाला जवळजवळ चार महिने लागतील.

गच्चीवरच्या टाकीचं चित्र मात्र कुठल्याही फलकावर नसतं. गळणारा थेंब दिसतो, रात्रीच्या शांततेत ऐकू येतो, मनाला टोचतो. टाकी कुणालाच दिसत नाही. आपली पाण्याची काटकसर डोळ्याच्या आणि कानाच्या मागे गेली आहे. जिथे टोचणी लागते तिथे आपण पाणी वाचवतो, आणि जिथे पाणी खरोखर जातं तिकडे आपलं लक्षच नसतं. याचं कारण आळस किंवा बेफिकिरी असं मला वाटत नाही. पाणी वाचवणं हा विषय आपण संस्कारांच्या खात्यावर मांडून ठेवला आहे. तो हिशेबाच्या खात्यावरचा विषय आहे, आणि तिथे आपली वही कोरी आहे.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप आठवणींचा येतो. आजी एका घंगाळात अंघोळ करायची, भांडी राखेने घासून दोन तांब्यांत विसळायची, मोरीचं पाणी परसात सोडून त्यावर अळू, कर्दळ आणि केळ वाढवायची. तिला कुणी पाण्याचा हिशेब शिकवला होता? तो संस्कारच होता, असं आपण म्हणतो. हे सगळं खरं आहे, फक्त त्यामागचं कारण आपण सोयीने विसरतो. त्या घरात आलेला प्रत्येक थेंब कुणीतरी उचलून आणलेला असे. आडातून पोहरा शेंदायचा, कळशी कमरेवर घ्यायची, हंडा डोक्यावर चढवायचा आणि चालत घरी यायचं. दहा लिटरची भरलेली कळशी भांड्यासकट दहा किलोच्या वर जाते. पाणी सांडलं तर ते परत आणायला जावं लागे, आणि जाणारी व्यक्ती बहुधा घरातली बाई असे, त्यातही थोरली नव्हे, धाकटी सून. घरात किती पाणी लागलं हे त्या कमरेला रोज पहाटे अचूक कळत होतं. मोजण्याची ती रीत अचूक होती आणि क्रूरही होती.

शिवाय त्या काटकसरीच्या चित्रात सगळी घरं नव्हती. विहिरीच्या कठड्यापासून दूर उभं राहून, कुणीतरी वरून ओतेल तेवढं पाणी घेणारी घरं होती. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, या दोन्ही घटना आपण सामाजिक इतिहासात शिकतो. पाण्याच्या इतिहासातही त्या शिकायला हव्यात. कुणाच्या तरी श्रमातून आणि कुणाला तरी नाकारण्यातून ती जुनी काटकसर उभी राहिली होती. ती परत यावी, असं शहाण्या माणसाला वाटू नये.

नळ घरात आला आणि त्याने दोन गोष्टी एकदम काढून घेतल्या. श्रम गेले, ते उत्तमच झालं. मोजमापही गेलं, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जातं. म्हणजे एक कळशी पाणी एका मिनिटात, आणि कंबर मोकळी. वीज वापरताना आपल्याला युनिटची भाषा येते. या महिन्यात दोनशेचा टप्पा ओलांडला, म्हणून पंख्यांवर ओरडा करणारी घरं मी पाहिली आहेत. त्याच घरात रोज किती लिटर पाणी लागतं असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘नळाला येतं तेवढं.’

सरकारी नियमपुस्तिका शहरातल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर पाणी गृहीत धरते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या घरासाठी माणशी ५५ लिटरचं उद्दिष्ट ठेवलं. आता याच्या शेजारी तिसरा आकडा ठेवू. दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन २०१८ साली कोरडं पडण्याच्या बेतात आलं, तेव्हा फेब्रुवारीपासून तिथे माणशी ५० लिटरची मर्यादा घातली गेली आणि साऱ्या जगात त्याची बातमी झाली. एका श्रीमंत शहराची आणीबाणी आणि आपल्या खेड्याचं स्वप्न यांत पाच लिटरचं अंतर आहे. म्हणून ‘पाणी वाचवा’ हे वाक्य सगळ्यांना एकाच आवाजात सांगता येत नाही. ज्या वस्तीत माणशी चाळीस लिटरही पोचत नाही, तिथे ते वाक्य अपमानासारखं लागतं. ज्याच्या घरात मोजता येईल इतकं जास्त पाणी आहे, त्यालाच ते सांगायचं, आणि सांगायच्या आधी मोजायचं.

मोजमाप आपल्याकडे येतं ते फक्त संकटात. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती, म्हणजे त्या खेपेत माणशी लिटर-दीड लिटर पाणी होतं. पाण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून त्याआधीच जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात लातूरच्या लहान मुलालाही लिटर म्हणजे काय हे कळत होतं. पाऊस पडला, नळ सुरू झाले, आणि लिटर पुन्हा विस्मरणात गेला.

मोजायला लागलं की घराचं चित्र बदलतं. चार माणसांच्या घरात, माणशी पाच वेळा, दहा लिटरची जुनी टाकी ओढली जाते असं धरू. रोजचे २०० लिटर तिथेच गेले. त्या जागी तीन आणि सहा लिटरच्या दोन बटणांची टाकी बसवली आणि पाचांतला एकच फ्लश मोठा झाला, तर माणशी १८ लिटर, घराचे ७२. रोज जवळजवळ १३० लिटर वाचले. गळका नळ महिनाभरात जेवढं घालवतो तेवढं हे एका दिवसात, आणि यासाठी घरातल्या कुणालाही निश्चय करावा लागला नाही, कुणी कुणाला बोललं नाही. फ्लशच्या टाकीतली झडप झिजली की पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहतं. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून पंधरा मिनिटं थांबलं आणि भांड्यात रंग उतरला, तर ही न दिसणारी गळती पकडता येते. नळाच्या तोंडाला बसणारी जाळी, जिला प्लंबर एअरेटर म्हणतात, पाण्यात हवा मिसळते आणि धार भरलेली वाटत असतानाच पाणी कमी सोडते. टाकीतला तरंगता वॉल्व्ह वेळेवर बदलला तर गच्चीवरचे ते पाचशे लिटर वाचतात. या साऱ्या गोष्टी एकदा करायच्या आणि मग विसरून जायच्या आहेत.

आरओ यंत्राची गोष्ट यात वेगळी काढायला हवी, कारण तिथे काटकसरीचा भास सर्वांत मोठा आहे. घरगुती आरओ यंत्र एक लिटर पिण्याचं पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर पाणी नाकारून मोरीत सोडतं. हल्ली पुष्कळ घरांत त्या नळीखाली बादली लावलेली असते आणि त्या पाण्याने फरशी पुसली जाते. चांगलं आहे. पण मुळात यंत्र हवं का, हा प्रश्न बादली लावताना कुणी विचारत नाही. आरओ क्षार काढण्यासाठी आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह पातळी लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि त्याहून कमी क्षारांच्या पाण्यावर आरओ वापरण्याला बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं होतं. मुंबईला किंवा पुण्याला येणारं पाणी म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत साठलेला पाऊस. त्यात क्षार या पातळीच्या खूप खाली असतात. तिथे जंतूंची भीती असेल तर उकळणं, साधी गाळणी किंवा अतिनील किरणांचं यंत्र पुरतं. बोअरच्या किंवा टँकरच्या मचूळ पाण्याला आरओ लागू शकतो, हे मान्य. पण धरणाच्या गोड्या पाण्यावर आरओ बसवून नाकारलेलं पाणी बादलीत जमवणं म्हणजे आधी खर्च वाढवून मग त्यातली चिल्लर वेचणं होय.

सवयींऐवजी घरातली रचना बदलण्याचा आग्रह धरण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सवयींवर उभी केलेली काटकसर घरात सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घालावं, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात वापरावं, भांडी नळाखाली न धुता टोपात विसळावीत, असं लेखात लिहिणं सोपं आहे. ते पाणी उचलून नेणार कोण? घरातली बाई, किंवा धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी. चार घरं उरकायची असताना मावशींनी धार बारीक ठेवावी असं बजावणारं घर, आपल्या गाड्या मात्र रोज पाइपने धुऊन घेतं. पहाटे पाण्याची वेळ असेल तर उठून टाक्या भरणारी व्यक्तीही ठरलेली असते. पाणी वाचवण्याचा भार पुन्हा त्याच कमरेवर येत असेल, तर आपण नळ आणून साधलं काय? घरातल्या प्रत्येक सूचनेला हा प्रश्न विचारून पाहावा. ज्या सूचनेचे श्रम एकाच माणसाच्या वाट्याला जातात, ती सूचना फार दिवस टिकत नाही, आणि टिकूही नये.

शहरं चालवणाऱ्यांचाही एक लाडका समज आहे. पाणी कमी वेळ सोडलं, एक दिवसाआड सोडलं, की लोक जपून वापरतात. छत्रपती संभाजीनगरमध्ये आणि सोलापुरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं ही वर्षानुवर्षांची तक्रार आहे. या समजाचा निकाल कुठल्याही घरात लागतो. पाणी येणार म्हटलं की पिंप, बादल्या, पातेली, जमिनीखालची टाकी, छतावरची टाकी सगळं भरून घेतलं जातं. पुढच्या वेळी पाणी आलं की उरलेलं ‘शिळं’ पाणी ओतून भांडी पुन्हा भरली जातात. पाणी आल्याचं कळावं म्हणून नळ उघडे ठेवले जातात आणि घरात कुणी नसलं तर ते वाहत राहतात. मधल्या काळात रिकाम्या पडलेल्या नळांमध्ये सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी शिरतं, मग पाण्यावरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडाला की आरओ येतो. टंचाई साठवण शिकवते. काटकसर शिकवायला भरवसा लागतो.

कराडला लागून असलेल्या मलकापूरने हे दाखवून दिलं. २०१० च्या आगेमागे या छोट्या गावाने चोवीस तास पाणी दिलं, घरोघरी मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा वाढत जाणारा टप्प्यांचा दर लावला. पाणी केव्हाही येणार याची खात्री असली की साठवायला नको, साठवलं नाही की शिळं होऊन ओतायला नको, आणि उगाच सोडलेल्या पाण्याचा आकडा बिलावर येतो. मलकापूर लहान आहे, पाण्याच्या जवळ आहे, मोठ्या शहरांचे जुने गंजके नळ त्याच्यापाशी नव्हते, हे सगळं खरं. त्याचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही. पण दुर्भिक्ष्याने लोक शहाणे होतात, हा समज त्याने मोडला एवढं नक्की.

मीटर म्हटलं की पाण्याच्या बाजाराची आणि गरिबाच्या नळाला कुलूप लागण्याची भीती पुढे येते. भीती निराधार नाही. पण मीटर नसण्याचा फायदा आज कुणाला होतो ते पाहू. पुण्यात घरगुती पाणीपट्टी वर्षानुवर्षं मिळकतकराबरोबर, मिळकतीच्या मूल्यावर आकारली जात आली. रोज एका बादलीत भागवणारं घर आणि बागेत पाइप सोडून देणारं घर यांच्यातला फरक अशा बिलात दिसूच शकत नाही. टँकरवर जगणाऱ्या नव्या वस्तीतला माणूस याच शहरात प्रत्येक लिटरचे पैसे मोजतो. दिल्लीने २०१५ मध्ये घराला महिन्याला २०,००० लिटर पाणी मोफत देण्याचं ठरवलं, तेव्हा त्यासाठी चालू मीटरची अट होती. पाच माणसांच्या घराला हे माणशी १३३ लिटर होतं, म्हणजे नियमपुस्तिकेतल्या १३५ च्या अगदी जवळ. त्यापलीकडे गेलं की बिल. या योजनेवर टीका बरीच झाली, पण एक गोष्ट तिने स्पष्ट केली. मोफत द्यायचं असलं तरी मोजावं लागतं. किती दिलं हे माहीत नसेल, तर मोफत कुणाला दिलं हेही माहीत नसतं.

आपल्या इमारतींत मीटर बसवण्यातली खरी अडचण राजकारणाची कमी आणि नळकामाची जास्त आहे. स्वयंपाकघर, प्रत्येक न्हाणीघर, धुण्याची जागा यांसाठी गच्चीवरून वेगवेगळे उभे पाइप खाली येतात, त्यामुळे एका घराला चार-पाच मीटर लागतात. नव्या बांधकामात प्रत्येक घराला एकच नळ देणं अवघड नाही, तो नियम करायला हवा. तोवर सोसायटीपुरतं पुष्कळ करता येतं. महापालिकेच्या नळाचं रोजचं वाचन आणि टँकरच्या खेपा यांची बेरीज जिन्यातल्या फळ्यावर लिहायची आणि तिला माणसांच्या संख्येने भागायचं. रात्री एक ते चार या वेळात वापर जवळजवळ नसतो, तेव्हा टाकीची पातळी मोजून ठेवायची. पहाटे ती उतरली असेल तर तेवढं पाणी इमारतीतल्या गळतीत गेलं. पावसाचं पाणीही असंच मोजता येतं. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, म्हणजे शंभर चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पावसाचे ७०,००० लिटर. पूर्णत्वाच्या दाखल्यापुरता विटा भरलेला खड्डा मात्र त्यातलं किती मुरवतो हे कुणी पाहत नाही. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बसाल्टच्या कातळावर आहे. त्या कातळात पाणी कुठेही मुरत नाही, भेगांच्या आणि झिजलेल्या थरांच्या जागीच मुरतं. जागा न तपासता केलेला खड्डा चार पावसांत पालापाचोळ्याने भरतो.

इथवर आल्यावर एक कडक प्रश्न विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. राज्यातलं बहुतेक पाणी शेती वापरते. लागवडीच्या अगदी थोड्या जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितो. शहरांच्या नळांतून गळणारं आणि हिशेबात न येणारं पाणी कुठे पाव हिस्सा, कुठे चाळीस टक्क्यांच्या घरात जातं. असं असताना माझ्या संडासातल्या टाकीने काय होणार? आकड्यांपुरतं हे बरोबर आहे. घरातल्या काटकसरीने दुष्काळ हटेल असं सांगणारा माणूस खोटं बोलतो आहे, आणि त्या खोट्यामागे उसाचं आणि गळतीचं राजकारण निवांत लपतं.

तरीही घराचं पाणी शेतीच्या पाण्यासारखं नाही. ते गाळलेलं, क्लोरिन घातलेलं आणि वर चढवलेलं असतं. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच नेण्यासाठी, पंपाची तूट धरून, साधारण ०.४ युनिट वीज लागते. जायकवाडीतून संभाजीनगरला किंवा उजनीतून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या सोलापूरला पाणी नेताना हा आकडा कोट्यवधी लिटरने गुणला जातो. दुसरं असं, की घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं धरूनच गटारांची आखणी करतात. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. सोलापूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार उजनीच आहे. पुण्यातलं न्हाणीघर आणि सोलापुरातलं स्वयंपाकघर अशी एका प्रवाहावरची दोन टोकं आहेत. पुणेकराने कमी पाणी वापरलं म्हणून त्याची घाण कमी होत नाही. पण तिला वाहून नेणारं पाणी कमी होतं, आणि शुद्धीकरण केंद्रांची क्षमता लिटरमध्येच असल्यामुळे प्रक्रिया न होता नदीत सुटणारा हिस्सा घटू शकतो. नागपुरात भांडेवाडीच्या केंद्रातून दिवसाला १३० दशलक्ष लिटर सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राच्या वापरासाठी देण्याची व्यवस्था उभी राहिली. तेवढं धरणाचं ताजं पाणी वाफ होण्यापासून वाचतं. शहराच्या पातळीवरची काटकसर अशी दिसते.

आता सर्वांत अवघड प्रश्न. वाचलेलं पाणी जातं कुठे? मुंबई रोज ३,८०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी घेते आणि त्यातलं बरंच शहापूर तालुक्यातल्या धरणांमधून येतं. तानसा आणि भातसा ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. मुंबईतल्या एका घराने रोज १३० लिटर वाचवले, तर ते शहापूरच्या पाड्यावर पोचतात का? नाही. तशी वाहिनी नाही आणि तसा हिशेबही नाही. ते पाणी पुढच्या मनोऱ्याच्या तरणतलावात जाऊ शकतं. कुणाच्याच खात्यावर जमा न झालेली काटकसर शेवटी जो जास्त ओढतो त्याला मिळते. पाणी वाचवणाऱ्या प्रामाणिक माणसाला याची कल्पना नसते, म्हणून तो समाधानी असतो.

हिवरेबाजारला ही अडचण येत नाही. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पावसाळा संपला की किती पाऊस झाला आणि जमिनीत किती पाणी आहे हे पाहायचं, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, उसासारखं पीक घ्यायचं नाही. तिथे वाचलेला लिटर हरवत नाही, कारण सगळं गाव एकाच भूजलावर आहे आणि ग्रामसभेला त्याचा आकडा माहीत आहे. शहराला ग्रामसभा नाही, पण राज्याला २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, आणि कुणाला किती पाणी व ठोक पाण्याचा दर काय, हे ठरवणारं प्राधिकरणही आहे. एखाद्या शहराने माणशी वापर घटवला तर वाचलेलं पाणी कुणाचं, हे आधीच लिहून ठेवता येईल. पहिला हक्क धरणाकाठच्या गावांचा, दुसरा त्याच शहरातल्या कोरड्या वस्त्यांचा, आणि तिसरा खालच्या शेतीचा, असा क्रम मी सुचवेन. क्रमाबद्दल वाद होऊ द्यावा. क्रमच नसणं हे आजचं दुखणं आहे.

म्हणून घरातल्या पाण्याबद्दल बोलताना मला सद्गुणांची यादी द्यायची नाही. घराने आपला आकडा शोधावा. तो माणशी १३५ च्या खाली असेल तर अपराधी वाटण्याचं कारण नाही. दोनशेच्या वर असेल तर टाकी, झडप, यंत्र आणि वॉल्व्ह बदलावेत, घरातल्या बाईला उपदेश करू नये. सोसायटीने तो आकडा वार्षिक सभेच्या इतिवृत्तात लिहावा आणि तोच कागद घेऊन महापालिकेकडे जावं: आमचा हिशेब हा, आता आमच्या प्रभागात किती सोडलं, किती पोचलं आणि किती गळलं ते जाहीर करा. या मागणीला दाद लगेच मिळणार नाही. पण ती ज्याला करता येते, तो पाण्याचा नुसता ग्राहक राहत नाही, त्याच्या वाटपातला पक्षकार होतो. कळशी उचलणाऱ्या बाईला पाण्याचा आकडा ठाऊक होता, पण विचारण्याचा अधिकार नव्हता. आपल्याला अधिकार आहे आणि आकडा ठाऊक नाही. दोन्ही एका हातात आल्याखेरीज पाणी वाचवण्याला सार्वजनिक अर्थ येणार नाही.